घरमालक, बिऱ्हाडकरू आणि अकरा महिन्यांचा कागद

मिरजेतील एक वयोवृद्ध भगिनी काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे आल्या. आयुष्यभर त्यांनी परिचारिका म्हणून रुग्णांची सेवा केली. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून त्यांनी आपल्या लहानशा घरावर दोन खोल्या चढविल्या आणि त्या एका तरुण जोडप्यास भाड्याने दिल्या. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार झाला, नोटरीचा शिक्का बसला आणि उभयपक्षी समाधान झाले. पहिले वर्ष सुखात गेले. दुसऱ्या वर्षी भाडे उशिरा येऊ लागले, पुढे ते अर्धे येऊ लागले आणि अखेरीस थांबले. खोल्या रिकाम्या करण्यास सांगताच त्या तरुणाने शांतपणे उत्तर दिले, “मावशी, तुमचा कागद रजिस्टर नाही. तुम्ही खुशाल कोर्टात जा.” या भगिनींचे निवृत्तिवेतन तुटपुंजे आहे. औषधांचा खर्च त्या भाड्यातूनच चालत असे.

त्यांनी आम्हाला विचारलेला प्रश्न कायद्याचा नव्हता. त्या म्हणाल्या, “फादर, प्रवचनात तुम्ही नेहमी गरिबांची बाजू घेता. मग यात गरीब कोण, मी की तो?”

या प्रश्नाने आम्हास अंतर्मुख केले हे येथे प्रांजळपणे नमूद करावयास हवे. घरमालक म्हटला की धनाढ्य, आणि भाडेकरू म्हटला की पीडित, असे चित्र आपल्या मनात ठसलेले असते. मुंबईच्या एखाद्या मोठ्या इस्टेटीच्या बाबतीत ते खरे असेल. परंतु सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील घरमालक बहुधा निवृत्त शिक्षक असतो, विधवा असते, किंवा मुलांच्या शिक्षणासाठी शहरात चार खोल्या बांधून त्यांतील दोन भाड्याने देणारा शेतकरी असतो. आणि भाडेकरू? तो विलिंग्डन किंवा वालचंद महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी असतो, मिरजेच्या रुग्णालयात काम करणारी परिचारिका असते, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेशातून आलेला कामगार असतो, अथवा बदलीवर आलेला रेल्वे कर्मचारी असतो. दोघांच्या ताटात फारसा फरक नसतो. ज्याला आपण शोषक म्हणावे आणि ज्याला शोषित म्हणावे, अशी सरळ रेघ येथे ओढता येत नाही. म्हणूनच हा विषय अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे.

प्रथम या अविश्वासाचे मूळ कोठे आहे ते पाहू. आपल्या भागात जुनी माणसे घरातील भाडेकरूलाही ‘कूळ’ म्हणत. हा शब्द शेतीतून आला आणि त्याबरोबर भीतीही आली. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि त्यानंतरचा १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ यांमुळे कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही मोठीच घटना होती, आणि ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीशी ती सुसंगतही होती. परंतु त्याच १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर सातारा-सांगली भागात जी जाळपोळ झाली, तिच्यामुळे अनेक कुटुंबे गावे सोडून पुण्या-मुंबईस गेली. त्यांचे वाडे मागे राहिले आणि जमिनी कुळांकडे गेल्या. तेव्हापासून ‘दिले की गेले’ ही समजूत या भूमीत रुजली ती रुजलीच. आजही साताऱ्यातील एखादा सुशिक्षित गृहस्थ आपणास सांगेल, की बारा वर्षे राहू दिले तर भाडेकरू घराचा मालक होतो. हे खरे नाही. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहत असतो, आणि ज्याने आपणास घरात घेतले त्याची मालकीच नाकारण्याची मुभा पुराव्याचा कायदा त्याला देत नाही. तरीही ही समजूत मरत नाही, कारण तिच्यामागे कायद्याचे अज्ञान थोडे आणि घराण्याची आठवण जास्त आहे.

दुसरे कारण भाडे गोठविण्याचे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण भाडे ठरविले. युद्धकाळात आणि फाळणीनंतर शहरांत लोंढे येत असताना हा निर्बंध आवश्यकच होता. परंतु तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्था अर्धशतक टिकली. सांगलीच्या गावभागात, वाईच्या घाटाजवळच्या आळ्यांत, साताऱ्याच्या पेठांत असे वाडे उभे राहिले, ज्यांच्या भाड्यातून वर्षाची घरपट्टीही निघेना. मालकाने कौले बदलली नाहीत, भाडेकरूने भिंत सावरली नाही आणि दोघेही एकाच गळक्या छपराखाली एकमेकांवर दावे लावून बसले. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठविलेली भाडी आता अवाजवी झाली आहेत असा स्पष्ट अभिप्राय दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला. त्याने मालकास दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली, आणि जी पागडी पूर्वी लपूनछपून घेतली जाई तिला कायदेशीर मान्यता दिली.

पागडीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. सातारा-सांगलीची माणसे भाडेकरूचे दुःख जाणत नाहीत असे कोणी म्हणू नये. गिरणगावातील चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे आणि खानावळवालीकडे जेवणारे हजारो गिरणी कामगार याच जिल्ह्यांतील होते. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर त्यांतील कितीएक गावी परतले. खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतील सोने-चांदी गाळणारे गलाई बांधव तर देशाच्या कानाकोपऱ्यात, परक्या भाषेच्या गावांत, सराफ बाजारातील गाळे भाड्याने घेऊन पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. ज्याचे कुटुंब तेथे परक्याच्या घरात बिऱ्हाड करून राहते, त्याचेच विट्यातील नवे घर मात्र कुलूपबंद असते. ‘भाडेकरू नको बाबा’ असे तोच म्हणतो. यातील विसंगती त्याच्या ध्यानात येत नाही असे नव्हे, पण आपण कसे राहतो हे त्याला ठाऊक असते आणि येणारा कसा असेल हे ठाऊक नसते.

आता त्या अकरा महिन्यांच्या कागदाकडे वळू. हा आकडा कोठून आला? एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे असे जुना नोंदणी कायदा सांगतो. म्हणून लोकांनी एक महिना कमी केला आणि नोंदणी टाळली. ही पळवाट एके काळी उपयोगी होती. १९९९ च्या कायद्याने मात्र ती बंद केली. या कायद्याचे कलम ५५ सांगते, की करार भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, तो लेखी हवा आणि नोंदलेलाही हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती पार पाडली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे असे, की नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि ते खोटे ठरविण्याचा भार मालकावर पडतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. मिरजेच्या आमच्या त्या भगिनींना हे कोणीच सांगितले नव्हते. करार लिहून देणाऱ्या दलालानेही नाही. त्या तरुणाला मात्र कोणीतरी सांगितले होते.

नोंदलेला करार असेल तर चित्र अगदी निराळे असते. कलम २४ नुसार राहण्यासाठी परवान्यावर दिलेली जागा मुदत संपताच परत द्यावी लागते. न दिल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्यासमोर संक्षिप्त पद्धतीने प्रकरण चालते. दिवाणी दाव्याची वर्षानुवर्षांची फरपट टळते. त्यास खर्च किती? महिना सहा हजार रुपये भाड्याच्या घरास अकरा महिन्यांचे भाडे होते सहासष्ट हजार. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे १६५ रुपये, आणि अनामत रकमेवरील गृहीत व्याज धरले तरी थोडेसेच अधिक. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये. आता हे काम संगणकावरून, अंगठ्याचा ठसा देऊन, नोंदणी कार्यालयात न जाताही होते. एवढ्या रकमेसाठी माणसे आपली झोप गहाण टाकतात, याचे आम्हास नवल वाटते. अर्थात यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते उघड बोलले पाहिजे. नोंदणी झाली की भाडे कागदावर येते, आणि कागदावर आले की प्राप्तिकरातही दाखवावे लागते. काही मालक कायद्याच्या गुंतागुंतीविषयी तक्रार करतात तेव्हा प्रत्यक्षात त्यांना ही गोष्ट टाळावयाची असते. कर चुकवून मिळालेली सोय पुढे अंगावर उलटली, तर दोष सर्वस्वी भाडेकरूस देता येणार नाही.

जेथे भाडेकरार जुना आहे तेथे मालकाची वाट खरोखरच बिकट आहे. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकीत रक्कम पंधरा टक्के सरळव्याजाने न्यायालयात भरली, तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. स्वतःच्या प्रामाणिक गरजेसाठी घर हवे असेल तर ते सिद्ध करावे लागते, आणि मग न्यायाधीश पाहतात की घर दिले तर अधिक हाल कोणाचे होतील, मालकाचे की भाडेकरूचे. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूस ही तुला परिचित वाटावी. दोन्ही बाजूंच्या दुःखांचे वजन करणारा हा नियम आम्हास या संपूर्ण कायद्यातील सर्वांत मानवी भाग वाटतो. पण हे वजन करण्यास दहा-पंधरा वर्षे लागली, तर तोवर म्हातारा मालक देवाघरी गेलेला असतो.

सैनिकांच्या बाबतीत कायद्याने वेगळा विचार केला आहे, आणि अपशिंगेसारख्या सैनिकी परंपरेच्या गावांच्या सातारा जिल्ह्यात तो माहीत असणे अगत्याचे आहे. सशस्त्र दलातील व्यक्तीस, आणि तिच्या पश्चात वारसास, स्वतःच्या राहण्यासाठी घर हवे असल्यास कलम २३ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. सीमेवर असलेल्या जवानाची वीरपत्नी स्वतःच्याच घराबाहेर राहू नये, हा त्यामागील हेतू आहे.

परंतु मालकाच्या गाऱ्हाण्यांचा पाढा वाचून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भाडेकरू नकोसा झाला की पाण्याचा नळ बंद करणे, वीज तोडणे, जिन्यावर कुलूप घालणे हे प्रकार आपल्या गावांतही होतात. कलम २९ त्यास स्पष्ट मनाई करते. विद्यार्थ्यांकडून सबमीटरच्या नावाखाली वीज मंडळाच्या दरापेक्षा कितीतरी अधिक पैसे घेणे, आणि खोली सोडताना ‘रंगाचा खर्च’ म्हणून अनामत रक्कम गिळंकृत करणे, याविषयी तर महाविद्यालयीन मुले हसत हसत सांगतात, इतके ते अंगवळणी पडले आहे. चोरी ही चोरीच असते, मग ती दारावरची बेल वाजवून केलेली का असेना. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवेचनात करार पाळण्याविषयी लिहिताना खरेदी-विक्री आणि मजुरी यांच्याबरोबर भाड्याच्या करारांचाही उल्लेख आहे. पापनिवेदनात मात्र ‘मी मुलांचे डिपॉझिट परत केले नाही’ असे सांगणारा घरमालक आम्हास अद्याप भेटावयाचा आहे.

सांगलीला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, ती कृष्णामाईची. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षी पाणी शहरात शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यावर कोण राहते याचा विचार करा. मालक बहुधा वर असतो आणि तळमजल्यावर बिऱ्हाडकरू. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या खोलीसमोर दोघे उभे राहतात. त्या महिन्याचे भाडे द्यावयाचे की नाही? ओली झालेली भिंत कोणी दुरुस्त करावयाची? गादी, कपाट, मुलांची पुस्तके वाहून गेली ती कोणाची हानी? अकरा महिन्यांच्या छापील कागदात यावर एक शब्दही नसतो. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात मात्र पुराचा नावानिशी उल्लेख आहे. जागा कायमची निरुपयोगी झाली तर भाडेपट्टा रद्द समजण्याचा विकल्प त्यात भाडेकरूस दिला आहे. पण आठवडाभर पाण्याखाली राहून पुन्हा वाळणाऱ्या घरास हे लागू पडत नाही.

२०१९ च्या पुरानंतर शासनाने बाधित कुटुंबांस ग्रामीण भागात दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार रुपयांचे तातडीचे साहाय्य जाहीर केले. ज्याचे रेशनकार्ड गावाकडचे, आधारवरील पत्ता तिसऱ्याच ठिकाणचा आणि भाड्याचा करार तोंडी, असा माणूस पंचनाम्याच्या वेळी आपण येथेच राहत होतो हे कशाने सिद्ध करणार? तेथे सर्वस्वी घरमालकाच्या शब्दावर भिस्त. काही मालकांनी तो शब्द तत्परतेने दिला. काहींनी ‘माझ्या घराच्या नावावर दुसऱ्याला पैसे कशाला’ म्हणून तोंड फिरविले. नोंदलेला करार भाडेकरूच्याही हिताचा असतो तो असा. आमच्या मते सांगली-मिरजेतील प्रत्येक करारात पुराविषयी दोन वाक्ये असावयास हवीत. पाणी शिरल्यास किती दिवसांचे भाडे माफ, आणि दुरुस्ती कोणी किती दिवसांत करावयाची. वकिलास सांगितले तर तो हसेल, पण लिहून देईल.

अनुवादाच्या पुस्तकात घर बांधणाऱ्यास एक साधा नियम सांगितला आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, नाहीतर कोणी पडून मेल्यास दोष तुझ्या घरावर येईल. देवाने धर्मशास्त्रात गच्चीच्या कठड्याची काळजी करावी ही गोष्ट आम्हास फार बोलकी वाटते. १९९९ च्या कायद्यातही जागा दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य म्हटले आहे. त्याने दुर्लक्ष केल्यास नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि मर्यादित रक्कम भाड्यातून वळती करू शकतो.

याहून खोल जखम वेगळीच आहे. घर रिकामे आहे, भाडे देण्याची तयारी आहे, तरी घर मिळत नाही, कारण आडनाव. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. १९६१ साली शहरांतील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहत. २०११ पर्यंत हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले. मालक घाबरून कुलूप लावतो हे त्याचे एक कारण. पण ज्यांना घर मिळत नाही त्यांना सारखेच मिळत नाही असे नाही.

साताऱ्याच्या शासकीय शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या बालकाचे नाव दाखल झाले, ते भीमराव आंबेडकर पुढे अमेरिका आणि इंग्लंड येथे शिकून १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तेथे त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. हे बहुतेकांस ठाऊक असते. त्या दिवशी त्यांनी ज्या दोन मित्रांकडे आसरा मागितला त्यांतील एक भारतीय ख्रिस्ती होता, हे मात्र आपण ख्रिस्ती लोक सोयीस्करपणे विसरतो. पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो, असे त्या मित्राने उत्तर दिले. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण. पतीचे विचार उदार झाले होते, पत्नीचे नव्हते, आणि ते उत्तर केवळ नकार टाळण्यासाठी होते हे बाबासाहेबांस नंतर कळले. बाप्तिस्म्याचे पाणी त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले नव्हते. पुढे काही तास बडोद्याच्या एका सार्वजनिक बागेत काढून ते मुंबईस परतले.

त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एक वसतिगृह सुरू केले. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झालीच होती. मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, आणि त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही विकले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. खेड्यातील मुलाला शहरात शिकावयाचे तर आधी छप्पर लागते हे भाऊरावांनी ओळखले होते.

सातारा व सांगली येथील आपली कॅथलिक कुटुंबे थोडी आहेत आणि त्यांतील बरीच नोकरीनिमित्त आलेली, म्हणजेच भाडेकरू. ‘मांसाहारी नको’, ‘तुमच्याकडे प्रार्थनेला माणसे जमतील’ अशी उत्तरे त्यांनाही ऐकावी लागतात. आपल्या राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, सार्वजनिक जागा यांत भेदभाव होऊ देत नाही, परंतु खासगी घराच्या दारापर्यंत तो येत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ स्वधर्मीयांनाच सभासदत्व देण्याचा संस्थेचा नियम वैध ठरविला. मुंबईत आपल्याच समाजासाठी स्थापन झालेल्या जुन्या गृहनिर्माण संस्था आहेत, तेव्हा या बाबतीत केवळ इतरांकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणास नाही. आणि आपल्यापैकी जे घरमालक आहेत ते कोणास नाकारतात? मुसलमान परिचारिकेस, दलित विद्यार्थ्यास, उत्तर भारतीय कामगारास? हा प्रश्न आम्ही एका धर्मग्रामात विचारला तेव्हा सभागृहात बराच वेळ शांतता होती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये लोकचळवळींच्या प्रतिनिधींसमोर बोलताना जमीन, निवारा आणि काम हे प्रत्येकाचे पवित्र हक्क असल्याचे सांगितले होते. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रातही घरांच्या टंचाईवर त्यांनी स्वतंत्र परिच्छेद लिहिला. त्यातील हक्क कोणाविरुद्ध मागावयाचा हे मात्र नीट समजून घ्यावे लागते. निवारा पुरविण्याचे समाजाचे आणि शासनाचे ओझे एका वृद्ध परिचारिकेच्या दोन खोल्यांवर टाकणे म्हणजे न्याय नव्हे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी, कोणास घराबाहेर काढू नये, अशी सूचना घरमालकांस केली. सूचना योग्यच होती. पण त्याच भाड्यावर ज्यांचे औषधपाणी होते त्यांच्यासाठी काय, याचा विचार तिच्यात नव्हता. केंद्र शासनाने जून २०२१ मध्ये संमत केलेला आदर्श भाडेकरार कायदा राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत रक्कम घेऊ देतो आणि मुदतीनंतर घर न सोडणाऱ्यास पहिले दोन महिने दुप्पट, पुढे चौपट भाडे आकारतो. तो स्वीकारावयाचा की नाही हे राज्यांवर सोपविलेले आहे.

येथवर आम्ही इतरांच्या घरांविषयी बोललो. ख्रिस्तसभा स्वतःही घरमालक आहे. जुन्या मिशन आवारांतील खोल्या, रस्त्याकडेचे गाळे, एके काळी शाळेच्या शिपायास राहावयास दिलेले घर, हे सारे कोठे ना कोठे आहे. सार्वजनिक न्यास म्हणून इमारत तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने द्यावयाची तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमती लागते. ती किती ठिकाणी घेतली जाते? ख्रिस्तसभेच्या कायद्याचा १२९८ वा नियम तर अधिक कडक आहे. मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यास, किंवा त्याच्या चौथ्या पायरीपर्यंतच्या नातलगास, ती मालमत्ता विकताना वा भाड्याने देताना वरिष्ठांची खास लेखी परवानगी हवी. हा नियम आम्ही सेमिनरीत पाठ केला होता. धर्मग्रामाच्या वित्त समितीसमोर मात्र तो मोठ्याने वाचला गेल्याचे आम्हास आठवत नाही. जी शिस्त आपण बाहेरच्या घरमालकास सांगतो तीच प्रथम आपल्या गाळ्यांच्या नोंदवहीस लावली पाहिजे. कोणता गाळा कोणाकडे, किती भाड्याने, कोणत्या करारावर, आणि भाडेकरूचे कोणाशी काय नाते, हे वर्षातून एकदा धर्मग्रामसभेत वाचून दाखविण्यास कोणाचीही हरकत नसावी.

एका विनोदी घरमालकाने आम्हास एकदा सांगितले, की शुभवर्तमानातील त्याचा सर्वांत आवडता दाखला द्राक्षमळ्याच्या दुष्ट माळ्यांचा, कारण तेथे प्रभू मालकाच्या बाजूने बोलतो. आम्ही त्यास प्रेषितांच्या कृत्यांचे शेवटचे पान उघडून दाखविले. रोम शहरात संत पौल दोन वर्षे स्वतःच्या भाड्याच्या घरात राहिला आणि जो कोणी येई त्याचे तो स्वागत करी, असा तेथे उल्लेख आहे. त्यास घर देणाऱ्या मालकाचे नाव कोठेही नोंदलेले नाही. बेड्यांत असलेला, शिपायाचा पहारा असलेला भाडेकरू त्याने कोणत्या धीराने ठेवून घेतला असेल?

मिरजेच्या त्या भगिनींचे प्रकरण पुढे वाटाघाटींनी मिटले. त्या तरुणाची नोकरी सुटली होती, आणि लाजेपोटी त्याने ते कोणास सांगितले नव्हते, हे बोलताना निघाले. थकलेल्या भाड्यापैकी निम्मे त्याने हप्त्यांनी देण्याचे कबूल केले आणि खोल्या सोडल्या. आजवर तीन हप्ते आले आहेत. दोन खोल्यांना पावसाळाभर कुलूप होते. आता नर्सिंगच्या शिक्षणासाठी आलेल्या दोन मुलींनी खोल्यांविषयी विचारले आहे, त्यांतील एक बीडची ऊसतोड कामगाराची मुलगी आहे. भगिनींनी अजून होकार दिलेला नाही, पण करार संगणकावर नोंदवून देण्यासाठी भाच्यास रविवारी मिस्सानंतर घरी बोलाविले आहे, आणि त्यात पुराविषयीची ती दोन वाक्ये घालता येतील का, हे त्यांनी आम्हास दूरध्वनी करून विचारले.